घडी घातलेले बेडूक

भाड्यानं खोली देताना घरमालक पगार विचारतात, गाव विचारतात, घरात मांस-मच्छी शिजणार का ते विचारतात. लोणावळ्यातल्या माझ्या घरमालकांनी मला जिना चढून दाखवायला सांगितला.

"एकदा चढा, मग उतरा. घाई करू नका. रोज जशा चढाल तशाच."

मी तेव्हा कामशेतच्या एका शाळेत नव्यानं लागले होते. नोकरी नवी, गाव नवं, त्यामुळे कुणी काही सांगितलं की करायचं, एवढंच मला माहीत होतं. मी चढले आणि उतरले. काका जिन्याखाली डोळे मिटून, मान एका बाजूला कलती करून उभे होते. मी खाली आल्यावर त्यांनी डोळे उघडले.

"टाच आधी टेकता," ते म्हणाले. "चालेल. पण दुपारी घरी असाल तेव्हा चपला हातात घेऊन चढायचं."

आतून आवाज आला, "अहो, त्यांना आधी पाणी तरी द्या! आल्या आल्या कसली परेड?"

त्या काकू. वरची खोली मला मिळाली आणि पुढची काही वर्षं मी या दोघांच्या डोक्यावर राहिले.

काकांची सगळी नोकरी तळेगावच्या बाजूला एका फोर्जिंगच्या कारखान्यात झाली होती. लाल तापलेल्या लोखंडावर दिवसभर अजस्र हातोडा पडायचा आणि त्याच्या शेजारी हे उभे असायचे. निवृत्त होईपर्यंत डावा कान जवळजवळ निकामी झाला होता. त्यांच्या बरोबरीच्या लोकांनी निवृत्तीनंतर कुणी प्लॉट घेतला, कुणी देवदर्शनाच्या सहली केल्या. काकांनी मायक्रोफोन घेतला.

"जन्मभर एकच आवाज ऐकला, बाई," ते मला म्हणाले. मी शिक्षिका, म्हणून त्यांच्या लेखी मी 'बाई'. "बाकीचे सगळे राहिलेत. उजवा कान शाबूत आहे तोवर उरकून घेतो."

मायक्रोफोनवर वाऱ्याची फडफड होऊ नये म्हणून करड्या रंगाचं केसाळ टोपडं घातलेलं असायचं. काकू त्याला उंदीर म्हणायच्या. "तो उंदीर उचला, मला ताटं मांडायचीत," हे वाक्य मी वरच्या मजल्यावरून कितीदा ऐकलं असेल. उंदीर खांद्यावरच्या पिशवीत घालून काका मावळभर हिंडायचे. घाट उतरणाऱ्या मालगाडीचे ब्रेक, धुक्यात पत्र्यावरून ठिबकणारं पाणी, कुणाच्या तरी बंद बंगल्याचं करकरणारं फाटक, काहीही त्यांना चालायचं. उर्से टोलनाक्यावर ट्रक थांबताना हवेचा ब्रेक जो 'फुस्स' करतो, तो घ्यायला ते गेले तर तिथल्या सुरक्षारक्षकानं त्यांना हटकलं.

"काका, इथे शूटिंगला मनाई आहे."

"शूटिंग करत नाहीये. ऐकतोय."

रक्षकानं थोडा वेळ विचार केला आणि म्हणाला, "ऐकायला पण मनाई आहे."

हा किस्सा काका स्वतःच सांगायचे आणि शेवटी गंभीर चेहऱ्यानं म्हणायचे, "पण तोवर घेऊन झालं होतं."

घेतलेल्या आवाजांना ते नावं द्यायचे ती देवनागरीतच, आणि नाव म्हणजे छोटा परिच्छेद असायचा. 'कुत्रं, लांबून, रागावलेलं'. 'तेच कुत्रं, रागावलेलं नाही, फक्त बोलतंय'. 'भाजे, खालचं खाचर, बेडूक, एक म्हातारा बेडूक इतरांच्या मागून'. मी एकदा म्हटलं, "काका, कॉम्प्युटरमध्ये इंग्रजीत नावं दिलेली बरी असतात." ते म्हणाले, "बेडूक मावळातला, खाचर मावळातलं, ऐकणारा मी. मधे इंग्रज कुठून आला?"

भाज्याच्या त्या बेडकांच्या वेळी मी बरोबर होते. संध्याकाळची वेळ होती. बांधावर काका उकिडवे बसले होते, उंदीर खाचराकडे तोंड करून काठीला बांधला होता. ज्यांचं खाचर, ते आबा गुडघ्यापर्यंत धोतर खोचून आले.

"आवं साहेब, काय हरवलंय का?"

"नाही आबा. बेडूक ऐकतोय."

"बेडूक?" आबांनी खाचराकडे पाहिलं. "लय हायेत. कुटलाबी घ्या."

काकांनी त्यांना शेजारी बसवलं, हेडफोन त्यांच्या पागोट्यावरून कानांना लावले. आबा दोन्ही हातांनी हेडफोन दाबून बराच वेळ ऐकत राहिले.

"ह्ये आमचंच खाचर हाय व्हय? मी रोज हितं असतो, पर मला येवढं कदी ऐकू आलं न्हाई."

"रोज का नाही ऐकू येत?"

"रोज ध्यान पिकात असतंय ना." मग त्यांनी विचारलं, "ह्ये आता काय करनार?"

"पुण्याला पाठवणार. नाटकवाल्यांना लागतात. फाइल मोठी होते, म्हणून घडी घालून पाठवायची."

"बेडकाची घडी?" आबा दचकले. "मरंल की त्यो!"

काका ताडकन उठले. त्यांनी आबांचा हात धरला. "आबा, हेच! मरता कामा नये! सगळा मुद्दा तोच आहे!"

त्यानंतर जो कुणी त्यांच्या तावडीत सापडेल त्याला काका हा मुद्दा समजावून सांगायचे. मूळ आवाजाची फाइल अवाढव्य असते, ईमेलनं जात नाही. ती लहान करायचे दोन मार्ग. एक कात्रीचा. एमपीथ्री म्हणजे कात्री. माणसाला फारसं ऐकू येणार नाही ते कापून फेकायचं. "उसाचा रस काढल्यावर चिपाडाला ऊस म्हणाल का तुम्ही?" दुसरा मार्ग घडीचा. झिप म्हणा, आणखी दहा प्रकार म्हणा, ती घडी. साडीची घडी घातली की ती कपाटात मावते, आणि उलगडली की काठापदरासकट तीच साडी. एक धागा कमी नाही.

"आणि इस्त्री कोण करतं?" काकू आतून विचारायच्या.

घडी घालणारी सॉफ्टवेअरं जगात किती आहेत हे मला काकांमुळे कळलं. त्यांच्याकडे तीन कॉम्प्युटर होते, एक विंडोजचा, एक लिनक्सचा आणि एक जुना मॅक, कुठून कुठून जमवलेले. कुठलंही नवं सॉफ्टवेअर आलं की बेडूक त्यात घालायचे, फाइल किती लहान झाली ते पाहायचं, मग दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेऊन उलगडायचं आणि उजव्या कानानं ऐकायचं. एक सॉफ्टवेअर घट्ट बांधायचं पण भयंकर वेळ लावायचं. एक झटपट बांधायचं पण सैल. एक प्रत्येक वेळी 'मला विकत घ्या' म्हणून गयावया करायचं, त्याच्याशी काका भिकाऱ्याशी बोलावं तसं बोलायचे, "पुढे जा बाबा." अखेर त्यांना परदेशातल्या कुणा एकट्या माणसानं लिहिलेलं एक सॉफ्टवेअर सापडलं. ते सगळ्यांत घट्ट बांधायचं. काका हरखून गेले. अडचण एवढीच होती की ते सॉफ्टवेअर जगात त्या माणसाकडे आणि काकांकडेच असावं.

पुण्याच्या एका नाट्यसंस्थेला त्यांनी तसे बेडूक पाठवले. फोन आला तेव्हा मी भाड्याचे पैसे द्यायला खाली गेले होते.

"काका, फाइल उघडत नाही."

"उघडत नाही असं नसतं. तुम्हाला उघडता येत नाही."

"आमच्याकडे सगळे मॅक आहेत हो."

"मग शेजाऱ्यांकडे विचारून बघा."

त्या लोकांनी शेजाऱ्यांकडे विचारलं नाही. विंगेत एका नटाला उभं करून त्याच्याकडून डराव डराव करून घेतलं. काका प्रयोगाला गेले होते. परत आले ते न जेवता झोपले. सकाळी मला म्हणाले, "त्यांच्या बेडकाला सर्दी झाली होती."

असे हे काका आमच्या नाटकाला मिळाले, किंवा आम्ही त्यांना मिळालो. आमचा एक हौशी गट होता. शाळांतले शिक्षक, ऑफिसांतले लोक, सुटीच्या दिवशी तालीम. तळेगावच्या एका बँकेतले अधिकारी आमचे लेखक, दिग्दर्शक आणि मुख्य नट होते, त्यांना आम्ही साहेब म्हणायचो. त्यांनी एका विधुराचं नाटक लिहिलं होतं. म्हातारा बायको गेल्यावर एकटा राहतो. मुलगी न्यायला येते, तो जात नाही, ती चिडून निघून जाते. म्हातारा खुर्चीत बसून राहतो, घरात शांतता, आणि पडदा. पुण्यात नाट्यस्पर्धेची पहिली फेरी होती आणि ती पार केली नाही तर गट मोडायचा, असं साहेबांनी चार वर्षं सगळी पदरमोड करून आता बायकोला वचन दिलं होतं. म्हणून आम्ही सगळे इरेला पेटलो होतो.

पार्श्वध्वनी काकांकडे गेला. दारावरची थाप, कुत्रा, लांबून जाणारी गाडी, हे त्यांच्याकडे तयारच होतं. पण शेवटची शांतता साहेबांना नुसती शांतता वाटत होती. काकांना तसं वाटत नव्हतं.

"नाट्यगृहातली शांतता म्हणजे पंख्यांची शांतता," ते म्हणाले. "घरातल्या दुपारची शांतता वेगळी असते. ती मी देतो."

तेव्हा मला त्या चपला हातात घेण्याचा उलगडा झाला. काका मी येण्याच्याही आधीपासून दुपारी दुपारी बैठकीच्या खोलीत उंदीर ठेवून घराची शांतता घेत होते. कधी भाजीवाला ओरडायचा, कधी बंगल्यांवर जाणाऱ्या पर्यटकांच्या गाड्या गाणी वाजवत जायच्या, कधी काकू काहीतरी बोलायच्या. मग पुन्हा दुसऱ्या दुपारी. वाया गेलेला एकही तुकडा त्यांनी पुसला नाही. पुसणं म्हणजे कात्री.

स्पर्धेचा नियम असा होता की आवाज आधी पाठवायचे आणि तिथल्याच कॉम्प्युटरवरून वाजवायचे. तालमीत साहेबांनी हात जोडले.

"काका, साधं झिप करा हो. कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडतं."

"साधं झिप म्हणजे सैल गाठ."

"असू दे सैल. सुटली तर पाहिजे!"

काका म्हणाले, "तुमच्यासाठी करतो. बेडूक असते तर केलं नसतं."

पुण्याला काकूही आल्या. ठेवणीतली साडी नेसून त्या पुढच्या रांगांमध्ये बसल्या. मी संहिता घेऊन ध्वनीच्या खोलीत काकांच्या शेजारी बसले, कुठल्या वाक्याला कुठला आवाज ते सांगायला. तिथल्या तंत्रज्ञानं आमची झिप फाइल उघडली. ती खरोखरच चटकन उघडली. आत पाहिलं तर एकाही फाइलला नाव नव्हतं. म्हणजे होतं, पण चौकोन, प्रश्नचिन्हं, मधेच टोपी घातलेला एखादा 'ए', पुन्हा चौकोन.

"हे काय आहे?" काकांनी विचारलं.

"काका, नावं मराठीत दिली होती का?"

"मग काय जपानीत देणार?"

"हा जुना कॉम्प्युटर आहे. झिपमधली मराठी नावं याला वाचता येत नाहीत. आतले आवाज नीट असतील."

पहिली घंटा झाली होती. हेडफोन उजव्या कानाला लावून काका एकेक फाइल सुरुवातीला जराशी वाजवायला लागले आणि मी संहितेच्या समासात आकडे टाकायला लागले. "हे दार. हा कुत्रा, रागावलेला. हा पुढचा, रागावलेला नाही, हा नको. ही गाडी." त्यांचा कान चुकत नव्हता. सगळं लागलं. राहिली ती शांतता. त्या फोल्डरमध्ये साऱ्या दुपारी होत्या, सगळ्यांची नावं चौकोनी. तिसरी घंटा झाली. काकांनी एका फाइलची सुरुवात ऐकली.

"आमचं घर आहे. चालेल," ते म्हणाले आणि पडदा उघडला.

नाटक छान रंगलं. दार वाजलं, कुत्रं योग्य तितकंच रागावलं. मुलगी निघून गेली. साहेब खुर्चीत बसले. मी खूण केली आणि काकांनी घराची शांतता सुरू केली. ते म्हणत होते ते मला तेव्हा पटलं. सगळं नाट्यगृह एकदम एका बंद घरासारखं झालं. लांब कुठेतरी भांड्याचा बारीक आवाज. प्रेक्षक हलेनात. आणि मग, स्पष्ट, स्वयंपाकघरातून हाक मारावी तसा आवाज आला.

"अहो, ऐकताय का? चहा गार होतोय."

काकांचा हात बटणाकडे गेला आणि तिथेच थांबला. मी रंगमंचाकडे पाहिलं. साहेब खुर्चीत गोठले होते. त्यांच्या संहितेत हे नव्हतं. त्यांनी हळूहळू मान वळवली, विंगेकडे पाहिलं, खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले.

"आलो," ते म्हणाले.

आणि आत निघून गेले. रिकामी खुर्ची राहिली. त्याच क्षणी काकांना बहुधा आठवलं की या वाक्यापुढे काय आहे. त्यांनी झडप घालून फाइल बंद केली. नाहीतर पाठोपाठ अख्ख्या नाट्यगृहाला ऐकू गेलं असतं की, 'आणि तो उंदीर उचला तिथनं.'

पडदा पडला. मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. काका दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते. "चुकलं," ते म्हणाले. "बाई, सगळं चुकलं."

बाहेर मोकळ्या जागेत काकू आमची वाट पाहत उभ्या होत्या. नाटकाला त्यांच्या शेजारी बसलेली एक बाई डोळे पुसत त्यांना सांगत होती, "काय हो ती हाक! गेलेल्या माणसाची हाक अशीच येते."

"ती मीच," काकू म्हणाल्या.

ती बाई दोन पावलं मागे सरकली.

काका दिसताच काकूंनी पदर खोचला. "मला जिवंतपणी मारलंत! एवढ्या लोकांसमोर! आणि मला विचारलं नाही, सांगितलं नाही!"

"अगं, नावं बिघडली. झिपमध्ये…"

"झिपचं सांगू नका मला. आवाज कुणाचा होता?"

काकांनी खाली मान घातली. "तुझा."

निकाल त्याच संध्याकाळी लागला. आमचं नाटक अंतिम फेरीत गेलं आणि पार्श्वध्वनीचं पहिलं बक्षीस काकांना जाहीर झालं. परीक्षकांनी त्या हाकेचं भरभरून कौतुक केलं. शेवटच्या क्षणी शांतता मोडायला धाडस लागतं, असं काहीतरी ते बोलले. काका मंचावर गेले, प्रमाणपत्राला हात न लावता त्यांनी माइक मागून घेतला.

"हे मला घेता येणार नाही," ते म्हणाले. "तो आवाज तिथे नव्हता. तिथे शांतता होती. तुमच्या कॉम्प्युटरला माझी नावं वाचता आली नाहीत, म्हणून वाया गेलेली फाइल लागली."

साहेबांनी कपाळावर हात मारून घेतला. त्यांना वाटलं, आता अंतिम फेरीही गेली. एक वयस्क परीक्षक समजुतीनं म्हणाले, "काका, चुकून का होईना, परिणाम उत्तम झाला."

"परिणामाचा प्रश्न नाही. बांधलं ते आणि सुटलं ते एकच पाहिजे. आता साडीची घडी समजा…"

पुढे त्यांनी त्या भरल्या सभागृहाला साडी, कात्री, उसाचं चिपाड आणि भाज्याचे आबा हे सगळं सांगितलं. लोक आधी कुजबुजले, मग हसायला लागले, मग मनापासून ऐकायला लागले. शेवटी काका प्रमाणपत्र टेबलावरच ठेवून खाली उतरले. परीक्षकांना पुढे काय करावं कळेना. तेवढ्यात काकू उठल्या. पायऱ्या चढून मंचावर गेल्या.

"ते नसतील घेत तर मी घेते," त्या म्हणाल्या. "आवाज माझा आहे."

सभागृह उभं राहिलं.

परतीच्या वाटेवर गाडीत प्रमाणपत्र काकूंच्या मांडीवर होतं. पुणं ते लोणावळा हा रस्ता तसा जवळचा, पण न बोलता कापायला लांबच आहे. वडगावच्या पुढे काकूंनी विचारलं, "अशा किती आहेत?"

"कसल्या?"

"मी बोललेल्या."

"आहेत बऱ्याच," काका म्हणाले. "प्रत्येक दुपारी तू काहीतरी बोललीसच."

"आणि पुसल्या नाहीत?"

"नाही."

काकूंनी खिडकीची काच थोडी खाली केली. "अंगावर वारं येत असेल तर सांगा, लावते," एवढंच त्या म्हणाल्या.

अंतिम फेरी नाशिकला होती. साहेबांनी नाटकाचा शेवट बदलून हाकेचाच केला. काकांचं म्हणणं पडलं की वाया गेलेली फाइल वापरायची नाही, हाक नव्यानं नीट घ्यायची. काकू तयार झाल्या. त्या दुपारी त्यांनी चेहऱ्याला पावडर लावली. मी म्हटलं, "काकू, फक्त आवाज घ्यायचाय." त्या म्हणाल्या, "मला माहितीये. पण बरं वाटतं." आणि मग त्यांनी ते वाक्य म्हटलं. पहिल्यांदा असं म्हटलं की चहात विष आहे असं वाटावं. मग राजकन्येसारखं म्हटलं. मग रागानं, मग लाडानं, मग बातम्या वाचतात तसं. काका हेडफोन काढून म्हणाले, "अगं, नेहमीसारखं म्हण."

"नेहमी कसं म्हणते?"

"ते मला सांगता येणार नाही."

"मग मला तरी कसं येणार?"

संध्याकाळपर्यंत घरात खराखुरा चहा गार होऊन गेला. शेवटी जुनीच फाइल घ्यायचं ठरलं, उंदरावरचं वाक्य गाळून. ती कात्री काकांनी स्वतः चालवली. त्या वेळी त्यांनी मला खोलीबाहेर जायला सांगितलं होतं.

आता प्रश्न होता की नाशिकच्या अनोळखी कॉम्प्युटरवर हे सगळं नावासकट कसं पोचवायचं. काकांनी त्यांचं ते परदेशी सॉफ्टवेअर पुन्हा काढलं नाही. त्यांनी सगळ्या पद्धतींनी बांधलेली गाठोडी एका पेनड्राइव्हमध्ये घातली आणि लोणावळ्यात जिथे जिथे कॉम्प्युटर दिसेल तिथे जाऊन उघडून पाहायला सुरुवात केली. झेरॉक्सच्या दुकानात गेले, डॉक्टरांच्या दवाखान्यात गेले, माझ्या शाळेत आले. बाजारातल्या एका चिक्कीच्या दुकानात बिल करायच्या कॉम्प्युटरला त्यांनी पेनड्राइव्ह लावला. तपासायला बेडूकच घेतले होते, आणि दुकानाचा स्पीकर सुरू होता. मुंबईहून आलेल्या गिऱ्हाइकांनी चिक्कीचे डबे खाली ठेवून पायाखाली बघायला सुरुवात केली.

"काका, काय लावलंय?" गल्ल्यावरचे शेठ ओरडले.

"उघडलं!" काका आनंदानं म्हणाले. "नाव दाखवतोय का ते बघा फक्त."

सगळीकडे उघडलं ते साधं झिप. सगळीकडे टिकलं ते इंग्रजी अक्षरांतलं नाव. काकांनी ते पाहिलं, पुन्हा एकदा फिरून पाहिलं, आणि एका रविवारी जिन्याखालून मला हाक मारली.

"बाई, तुम्ही म्हणाल्या होतात तसंच करायचं. मला टाइप करून द्या. मला ते हातानं लिहवणार नाही."

मी त्यांच्या शेजारी बसून टाइप केलं. दार, कुत्रा, गाडी. त्यांनी प्रत्येक नाव मोठ्यांदा वाचून पाहिलं. 'कुत्रा'च्या इंग्रजी स्पेलिंगकडे पाहून ते म्हणाले, "हा भुंकेलसं वाटत नाही." शेवटच्या फाइलला काय नाव द्यायचं विचारलं तर म्हणाले, "'चहा' लिहा. एवढं पुरे."

नाशिकला काकू आल्या नाहीत. "मेलेल्या बाईनं एकदा जावं, सारखं सारखं बरं दिसत नाही," असं म्हणून त्यांनी आम्हाला डबे बांधून दिले. नाशिकच्या कॉम्प्युटरवर झिप उघडलं, नावं जशीच्या तशी आली. सगळे आवाज जागच्या जागी लागले. साहेब "आलो" म्हणाले, आत गेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, बेताच्याच. निकालात आमचं नाव कुठेच नव्हतं. साहेबांनी मात्र तिथेच पुढच्या नाटकाची गोष्ट सांगायला सुरुवात केली, तेव्हा गट मोडत नाही हे आम्हाला कळलं.

सामान गाडीत चढलं, माणसं चढली, काका दिसेनात. मी शोधायला उतरले. ते नाट्यगृहाच्या मागे, सायकली लावतात तिथे, फोन कानाला लावून उभे होते.

"काही नाही, सहज केला," ते म्हणत होते. "नाही मिळालं. नाही, वाईट नाही वाटलं. जेवलो. तू काय करत होतीस? … मग सांग की ते. काय काय घातलंस?"

पलीकडून काकूंचा आवाज फोनमधून बाहेर येत होता, शब्द कळत नव्हते. भरल्या वांग्यांबद्दल असावं. काका नुसते हं, हं करत होते. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि मोकळ्या हातानं गाडीकडे खूण केली. ती 'आलोच' अशी असेल असं मला वाटलं. पण ते बोटांनी हवेतच किल्ली फिरवून दाखवत होते.

मी जाऊन ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगितलं.